दसऱ्याला तुला दिलेली रायफल

मिहिर, तुझ्या बाबांनी मला फसवलं. सौदा आम्हा दोघांत झाला होता, तुमच्या स्वयंपाकघरात, तुझ्या आईच्या देखत, हातावर हात मारून. मी माझा शब्द पाळला. त्यांनी त्यांचा मोडला, आणि मोडल्याचं आजही कबूल करत नाहीत. धंद्यात असं कुणी केलं तर मी त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवत नाही. पण हे माझे दाजी आहेत, ताईचा नवरा. आणि गेली ती माझी रक्कम नाही, गेलास तो तू.

मंडळाच्या गणेशोत्सव अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असं मला सांगितलं. तू कुठल्या शाळेत होतास, तबला कुणाकडे शिकलास, गणितात कसा होतास, हे मी लिहिणार नाही. ते सगळं शोकसभेत बोलून झालं. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना तुझं नाव कागदात बघावं लागत होतं. मी ताईला विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "लिही. पण खरं लिही. मला आता खोटं ऐकवत नाही." हे छापायला देण्याआधी तिने वाचलं आहे.

तर खरं हे आहे. इथे अमेरिकेत, आपल्या अल्फारेटात, सगळे त्याला अपघात म्हणतात, कारण दाजींनी दारात आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं. बंदूक साफ करताना उडाली. ती तशी उडाली नाही. मार्चमधल्या एका दुपारी, घरात कुणी नसताना, तू स्वतःचा जीव घेतलास, आणि तो तुला दसऱ्याला भेट मिळालेल्या रायफलने घेतलास. सतरा वर्षांचा होतास. हे एकदा सरळ लिहून टाकलं, म्हणजे मला आता तुझ्याशी बोलता येईल.

तू आठवीत असताना तुला बुटांसाठी मॉलमध्ये नेलं होतं. काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, शेवटचं काय? तो म्हणाला, सर, किंमत बॉक्सवर आहे. मी म्हटलं, ती पहिली किंमत, मी शेवटची विचारतोय. तू माझी बाही ओढायला लागलास.

"मामा, प्लीज. दे डोन्ट डू दॅट हिअर."

"करतात. तुझ्या बाबांना जमत नाही, म्हणून तुला वाटतं करत नाहीत."

"आय ॲम वेटिंग इन द कार."

"जा. किल्ली माझ्याकडे आहे."

मग मॅनेजर आला, मी त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली, त्याच्या स्वयंपाकघराला कुठला दगड आहे ते विचारलं, आणि आपण बुटांवर मोज्यांचे जोड फुकट घेऊन बाहेर पडलो. गाडीत तू मोज्यांचे जोड मोजलेस. मग म्हणालास, "ओके, हाऊ?" मी सांगितलं, घाई दाखवायची नाही. समोरच्याला घाई असते, आपल्याला नसते, एवढंच. तू ते तुझ्या मित्रांना सांगत सुटलास. माझी नक्कल करायचास म्हणे, मान वाकडी करून, "शेवटचं काय?" ताईने मला तुझ्या फोनवरचा तो व्हिडिओ नंतर दाखवला. माझा आवाज तू फार छान काढायचास. मी तो एकदाच पाहिला, पुन्हा पाहायची हिंमत होत नाही.

मला मूलबाळ नाही. लग्नच केलं नाही, कारण ताई म्हणते तसं, मी मुलगी बघायला गेलो तरी घासाघीस करून आलो असतो. मी या देशात दुसऱ्याच्या कंपनीचा ग्रॅनाइट विकायला आलो, आणि पुढे स्वतःचं शॉप टाकलं. इथल्या किती घरांतले ओटे माझ्या शॉपमधून गेलेत ते मलाही आठवत नाही. पण कुणी विचारलं, तुमचं माणूस कोण, तर मी तुझं नाव सांगायचो. भाचा म्हणायचो नाही. नुसतं मिहिर.

तुझी अजून एक दुपार माझ्याकडे आहे. तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास. शाळेच्या टीममधून तुला काढलं होतं, आणि काढल्याचं तुझ्या आधी साऱ्या शाळेला कळलं होतं. तू सायकल मारत थेट शॉपवर आलास. चेहरा असा की मी फोनवरच्या गिऱ्हाइकाला काही न सांगता फोन ठेवला. मला समजूत घालता येत नाही, तुला माहीत आहे. मी तुझ्या हातात पाण्याचा पाइप दिला आणि म्हटलं, तो मागचा सगळा माल धू. तू रडत रडत स्लॅब धूत राहिलास. आमचा बेनितो, जो करवतीवर असतो, त्याने मशीन बंद केलं आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं तुला दिलं. अंधार पडायच्या आधी तू त्याच्याशी स्पॅनिशमध्ये काहीतरी फालतू विनोद करत होतास. तुला घरी सोडताना तू विचारलंस,

"मामा, डज इट गेट बेटर, ऑर डू यू जस्ट गेट ओल्ड?"

"दोन्ही होतं."

तू हसलास. नंतर खूप महिन्यांनी तू मला सांगितलंस की त्या दुपारी तुला जगायचंच नव्हतं, आणि मला ते कळलंच नव्हतं हे तुला फार विनोदी वाटत होतं. मला नाही वाटलं. पण आता मी त्या दुपारचा विचार करतो तेव्हा एकच गोष्ट दिसते. त्या दिवशी तू जितका खाली गेला होतास, तितकाच मार्चमध्ये गेला असशील. कारणही बहुधा तेवढंच होतं. तुझ्या फोनमध्ये जे सापडलं ते मी वाचलंय. मित्रांमधली भांडणं, कुणीतरी पसरवलेली एक गोष्ट, एका मुलीने उत्तर न देणं. त्यातलं काहीही असं नव्हतं की जे एका आठवड्यात शिळं झालं नसतं. फरक एवढाच की पंधराव्या वर्षी घरात रायफल नव्हती. म्हणून त्या दुपारची संध्याकाळ झाली. मार्चमधल्या दुपारची झाली नाही.

हे वाचणाऱ्या कुणा पोराची किंवा पोरीची अशी दुपार चालू असेल, तर त्यांनी माझ्या शॉपवर यावं. मी काही विचारणार नाही. धुवायला माल कायम असतो.

आता सौद्याचं सांगतो, कारण ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्याविषयीच होता, पण तुझ्या माघारी झाला.

गणपती होऊन गेले होते. मी तुमच्याकडे चहाला आलो होतो. दाजी ओट्याला टेकून उभे होते, मीच बसवलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याला, आणि नवा फोन घेतोय असं सांगावं तसं म्हणाले, "या दसऱ्याला मिहिरला रायफल देतोय."

"कशाला? पानिपतावर जायचंय?"

"चेष्टा नको. डिअर हंटिंगला. शेजारच्या डेलने त्याच्या पोराला बाराव्या वर्षी दिली. त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. बाप मुलाला देतो."

"डेलकडे पिढ्यान्पिढ्या बीफपण चालत आलंय. ते कधी आणताय?"

ताई हसली. दाजी हसले नाहीत. त्यांनी मला त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली, जी मी आधीही ऐकली होती पण शेवटपर्यंत कधी ऐकली नव्हती. कराडकडच्या त्यांच्या गावी आजोबांची लायसनची बंदूक होती. वर्षभर भिंतीवर उंच टांगलेली. खंडेनवमीला उतरवायची, तेलपाणी करायचं, दसऱ्याला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचं, आणि पुन्हा वर. "मला आयुष्यात एकदाही हात लावू दिला नाही," दाजी म्हणाले. "आजोबा गेले आणि काकांनी ती पोलिसांत जमा करून टाकली. मी कॉलेजातून घरी आलो तर भिंतीवर नुसता खिळा."

"हात लावू दिला नाही, म्हणून इथवर पोचलात."

"तुला बाप म्हणजे काय ते काय कळणार?"

ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पुढे मी जे बोललो ते छापता येणार नाही. ताईने चहाचा कप माझ्यासमोर आपटला. "आवाज खाली. ओवी वर अभ्यास करतेय." तुझी बहीण तेव्हा अकरा वर्षांची. जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती, हे आम्हाला नंतर कळलं.

एक विक्री थांबवता येत नाही असं दिसलं की मी अटींवर येतो. हा माझा धंदा आहे. दाजी ती रायफल आणणारच होते, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. म्हणून मी बसलो आणि अटी घातल्या. लोखंडी तिजोरी घ्यायची, कपाटात जमिनीला बोल्ट करून. गोळ्या माझ्या शॉपवर राहतील. त्याला ते नाही म्हणाले, दर वेळी तुझ्या दारात येऊ का म्हणाले, आणि मी तिथे सोडून दिलं. पण एक अट मी सोडली नाही. तिजोरीचा कोड फक्त दाजींकडे. मिहिरला नाही, ताईलाही नाही. रायफल तुझी म्हणायची, पण ती हातात येणार ती बापाच्या हातून, बाप शेजारी असताना. त्याच्या बदल्यात मी तोंड बंद ठेवीन, दसऱ्याला येईन, आणि कुणासमोर त्या भेटीविषयी वाकडा शब्द बोलणार नाही. माझ्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. दाजींनी माझ्या हातावर हात मारला. "फक्त माझ्याकडे. झालं समाधान?"

झालं होतं, मिहिर. मी घरी जाताना स्वतःवर खूश होतो.

तो दसरा तुला आठवतो तसाच मलाही. तुमच्याकडे दर वर्षी सगळे आपापली अवजारं पूजेला आणतात, ते मला फार आवडतं. कुणाचा लॅपटॉप, कुणाचा स्टेथोस्कोप, गाड्यांच्या किल्ल्या, ओवीचं व्हायोलिन. मी करवतीचं जुनं पातं आणतो. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत, म्हणून तू आणि ओवी मागच्या अंगणातल्या रेडबडची पानं तोडून आणायचात, ती हुबेहूब आपट्यासारखी दिसतात. पाटावर लाल कापड, त्यावर हे सगळं, आणि मधोमध रायफल. झेंडूची माळ घातलेली. पट्ट्याला हळदकुंकू.

सगळे ती वाकून बघायला लागले. मग कुलकर्णी काकू म्हणाल्या, "लोडेड नाहीये ना हो ती?" दाजी म्हणाले, "छे." काकू म्हणाल्या, "मग बरं," आणि पुरणपोळीला तूप कुणाला हवं ते विचारायला लागल्या. एक निवृत्त डॉक्टर काका पुटपुटले, "आमच्या वेळी मुंज झाली की सायकल द्यायचे." एवढंच. मी कुणालाच दोष देत नाही. पूजेत ठेवलेल्या वस्तूविषयी आपल्यात कुणी वाईट बोलत नाही. तेच जर ती खोक्यात असती, डायनिंग टेबलवर, तर त्यातल्या चार जणांनी तरी विचारलं असतं, हे काय चाललंय. हळदकुंकू लावलं आणि प्रश्न संपले. मीही काही बोललो नाही, पण मी सौद्याने बांधलेला होतो.

दाजींनी ती उचलून तुझ्या हातात दिली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं. तू वाकून नमस्कार केलास. मग माझ्याकडे बघितलंस, मी काय म्हणतो म्हणून. मी म्हटलं, "छान आहे. जड आहे का?" तू म्हणालास, "काइंडा."

आपलं भांडण त्यानंतर झालं. माझ्या ट्रकमध्ये, शिकारीचा सीझन संपल्यावर. मी सौद्याने दुसऱ्यांसमोर गप्प होतो, तुझ्यासमोर गप्प राहायचं ठरलं नव्हतं, निदान मी तसं मानलं. मी म्हटलं, हरणाने तुझं काय घोडं मारलंय? तू म्हणालास, मामा, यू डोन्ट गेट इट. मी म्हटलं, समजाव. आणि तू समजावलंस, ते मला अजून खोडता आलेलं नाही.

तू म्हणालास, पहाटे झाडावरच्या मचाणावर बाबा आणि मी बसतो. तिथे बोलायचं नसतं, हरिण पळतं. "सो ही कान्ट आस्क मी अबाउट कॉलेज. तो नुसता बसतो. माझ्याकडे बघून हसतो. थर्मासमधला चहा देतो. मामा, घरी तो असा कधीच नसतो."

"आणि हरिण?"

तू खिडकीबाहेर बघितलंस. "मी दोनदा मुद्दाम चुकवलं. डोन्ट टेल बाबा."

मी नाही सांगितलं. आज सांगतोय, कारण दाजींना हे कळायला हवं. त्यांच्या पोराला त्यांच्याजवळ बसायचं होतं. त्यासाठी त्याने रायफल सहन केली. चहाचा थर्मास पुरला असता. मी तुला तेव्हा म्हटलं, मग बाबांना सांग ना, नुसतं बसायला जाऊ म्हणून. तू म्हणालास, "दॅट्स नॉट अ थिंग, मामा." मी म्हटलं, का नाही? तू रेडिओ लावलास. ते भांडण तिथेच राहिलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, पुढच्या खेपेला देणार होतो.

मार्चमध्ये ताईचा फोन आला तेव्हा मी एका घरी ओट्याचं माप घेत होतो. मी पोचलो तेव्हा तुला नेलं होतं. घरात जे होतं त्याविषयी मी लिहिणार नाही. दिवाणखान्यात एक पोलीस ऑफिसर बसला होता, तरुण, फार सभ्य. तो दाजींना इंग्रजीत विचारत होता, तिजोरी फोडलेली नाही, मग कोड कुणाकुणाला माहीत होता? दाजी म्हणाले, फक्त मला. त्याने पुन्हा विचारलं. दाजी पुन्हा म्हणाले, फक्त मला, मी कुणालाही सांगितलेला नाही. मी दारात उभा होतो आणि माझा त्यांच्यावर विश्वास होता. मला वाटलं, पोराने कुठूनतरी शोधला असेल, इंटरनेटवरून, काहीतरी करून.

ओवी सोफ्याच्या कडेला बसली होती. कुणाच्या लक्षातही नव्हती. ती म्हणाली, "इट्स दादाज बर्थडे."

ऑफिसरने तिच्याकडे बघितलं.

"एव्हरीथिंग इज दादाज बर्थडे," ती म्हणाली.

तुमच्या घरातलं गॅरेज तुझ्या वाढदिवसाने उघडतं. दाजींचा फोन, घरातला अलार्म, भारतात न्यायच्या बॅगांची कुलपं, सगळं. तू जन्मलास तेव्हापासून. आपल्या किती घरांत असंच आहे ते मी या चार महिन्यांत विचारून पाहिलं, जिथे विचारलं तिथे लोक गप्प झाले. आपण मुलांवर प्रेम करतो ते असं करतो, त्यांची जन्मतारीख सगळ्या दारांना लावून टाकतो. दाजींनी तिजोरी आणली, चांगल्यातली आणली, तिने नवा आकडा मागितला तेव्हा त्यांच्या बोटांनी तोच टाकला. त्यांनी त्यावर विचारही केला नसेल. आणि तू पहिल्याच दिवशी ओळखला असशील. आकडे दाबताना तुला काही शोधावं लागलं नाही.

मी त्यांना नंतर विचारलं, आपलं काय ठरलं होतं? ते म्हणाले, "कुणाला सांगायचा नाही असं ठरलं होतं. मी नाही सांगितला." ते खरंच असं मानतात. शब्दाला शब्द त्यांनी पाळला आणि सौदा मोडला, आणि या दोन्हींतला फरक मला त्यांना समजावता येत नाही. आयुष्यभर मी अशा माणसांशी भांडून पैसे वसूल केले. यांच्याकडून काय वसूल करू?

डेल आला होता. मी त्याला दारातून हाकलणार होतो. तो अंगणातच उभा राहिला, टोपी हातात. दुसऱ्या दिवशी त्याने घरातल्या सगळ्या बंदुका ट्रकमध्ये घातल्या आणि गावाबाहेरच्या भावाकडे नेऊन ठेवल्या. त्याचा मुलगा तुझ्याच वर्गात, तू गेल्यापासून तोही बोलत नव्हता. डेल ताईला म्हणाला, आमच्या घरातल्या वस्तू पिढ्यांच्या असतील, पण सध्या माझं पोर ठीक नाही. याच माणसाचं उदाहरण देऊन दाजींनी रायफल आणली होती.

मी तुझ्यावर रागावलोय का? हो. रोज सकाळी शॉप उघडताना. तुला माझा नंबर पाठ होता. तुला सायकल मारत यायचा रस्ता माहीत होता, आणि आता तर तुझ्याकडे गाडी होती. मी घाई न करण्याची एकच गोष्ट तुला शिकवली, आणि तू घाईच केलीस. मग दुपारी बेनितो जेवायला बसतो, डबा उघडतो, आणि सवयीने अर्धं बाजूला काढतो. मग राग जातो. तू सतरा वर्षं माझ्या आयुष्यात होतास, नाहीतर मी नुसता दगड विकणारा, सगळ्यांशी भांडणारा माणूस होतो. मला कुणी हसवत नव्हतं. तू माझ्या तोंडावर माझी नक्कल केलीस आणि मला ती आवडली, असं दुसरं कुणी करू धजलं नाही.

मे महिन्यात चौकशी संपली. पोलिसांकडून दाजींना फोन आला की तुमची वस्तू घेऊन जा. कायद्याने ती त्यांचीच होती. ते गेले आणि घेऊन आले. त्याच कपाटात, त्याच तिजोरीत ठेवली.

ताई तीन दिवसांनी शॉपवर आली. ती कधी येत नाही, धुळीने तिला दम लागतो. ऑफिसात बसली आणि म्हणाली, "तू एवढे सौदे करतोस. माझ्यासाठी एक कर. ती माझ्या घरातून बाहेर काढ. मी त्यांना सांगू शकत नाही, मी बोलायला लागले की आम्ही दोघंही तुटतो."

मी त्याच रविवारी गेलो. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो. दाजी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते, तिथेच बसतात हल्ली. मी म्हटलं, दाजी, ती मला द्या. शॉपवर लोखंड कापायचं मशीन आहे. तुम्ही पाहिजे तर समोर उभे राहा. मी तिचे इतके तुकडे करीन की ती पुन्हा काहीच होणार नाही.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "ती त्याची आहे. मी त्याला दिली होती. त्याने हातात धरलेली शेवटची वस्तू आहे ती. ती कशी कापू देऊ?"

त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. धंद्यात समोरचा रडायला लागला की मी भाव वाढवतो, ही माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारी खाली बसलो.

मग ताई दारात आली. "निदान कोड तरी बदललात का?"

"बदललाय. फक्त मला माहीत आहे."

"मागच्या वेळीही फक्त तुम्हालाच माहीत होता," ताई म्हणाली, आणि आत गेली.

त्यानंतर दाजी मला म्हणाले की या दसऱ्याला ती पाटावर ठेवायची, तुझ्या फोटोशेजारी. मी तिथून उठून आलो. पुन्हा गेलो नाही. त्यांनी बोलावलंही नाही.

मिहिर, ओवी आता बारा वर्षांची आहे. व्हायोलिन वाजवत नाही. मैत्रिणींकडे जात नाही. तुझ्या खोलीत बसून अभ्यास करते आणि कुणी काही विचारलं तर "आय ॲम फाइन" म्हणते. तूही तेच म्हणायचास. ती तुझ्यापेक्षा हुशार आहे, सगळं ऐकते, आणि तिने एकदा तो आकडा कुणी न सांगता ओळखलेला आहे. त्या कपाटात आणि तिच्यात फक्त एक जिना आहे. मला झोप लागत नाही ती तुझ्यासाठी नाही, तुझं जे व्हायचं ते झालं. मला तिच्यासाठी लागत नाही.

तुझ्याशी मी कितीही बोलत राहीन. पण आता जे उरलंय ते जिवंत माणसाशी बोलायचं आहे, आणि तो माझा फोन उचलत नाही.

दाजी, हा अंक तुमच्या घरी येतो. ताईने सांगितलंय की तुम्ही वाचाल. मी तुम्हाला खुनी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर मी त्याचं तोंड फोडीन. मला तुमची माफी नको, मोडलेल्या सौद्याची भरपाई नको, अपघात म्हणालात त्याचा खुलासाही नको. तुमची आठवण तुम्हाला ठेवायची आहे, ठेवा. तुमच्याकडे त्याचे बूट आहेत, त्याचा तबला आहे, तुम्ही दोघं ज्यातून चहा प्यायचात तो थर्मास आहे. मला एकाच वस्तूविषयी विचारायचं आहे. ज्या रायफलने तुमचा मुलगा गेला, ती तुमची मुलगी झोपते त्या घरात अजून का आहे? याचं उत्तर मला देऊ नका. ताईलाही देऊ नका. ओवीला समोर बसवा, तिच्या डोळ्यांत बघा, आणि तिला द्या.